तिसरी पिन

शनिवार, ९ मार्च

प्रिय बारक्या,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. फोन कापता येतो, पत्र फार तर फाडता येतं. फाडायच्या आधी निदान वाच. पत्ता आईकडून मिळवला, तोही तिच्या मागे लागून लागून. तुझा फोन आला की ती स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजत बोलते आणि बाहेर येऊन मला सांगते, "राँग नंबर होता." राँग नंबरवाल्याला जेवलास का म्हणून विचारणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती.

इकडे सगळं ठीक आहे. लाँड्रीत नवीन वाफेचा प्रेस आलाय, पायाने दाबायचा. मालकीणबाई म्हणाल्या, "तुझा पाय कसा एका लयीत पडतो गं!" मी म्हटलं, बाई, रविवारी याच लयीत मी लोखंडी पत्रा बडवते आणि त्यावर लोक उड्या मारतात. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. आईचे गुडघे दुखतात, पण जीभ शाबूत आहे.

तू गेलास त्या दिवशी मी "जा मग!" म्हणाले, ते रागात म्हणाले. माझा राग तुला काय नवा आहे? लहानपणी तुझ्या डोक्यात कंपासपेटी घातली होती, तेव्हा नाही कुठे गेलास. तुला मोठ्या हॉलमध्ये वाजवायचं होतं, आपल्या बँडच्या खिळ्याला 'खाली'च वाजवायचं होतं, आणि मी खिळ्याची बाजू घेतली. घेतली तर घेतली. मला अजूनही वाटतं त्याचंच बरोबर होतं. ते आपलं 'खाली', बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याचं तळघर, भिंतींना वीतभर बुचाचं अस्तर, आत गिटार करवतीसारखी किंचाळली तरी वर रस्त्यावर चिटपाखराला पत्ता नाही. आपल्यासारख्या कर्कश लोकांना अशी जागा दुसरं कोण देणार होतं? पण ते असो. भांडण उकरून काढायला लिहीत नाहीये.

तिकडे काम कसं आहे? आई म्हणाली, तू एका सभागृहात साउंड बघतोस. शाळांची नाटकं, भाषणं, सत्कार. माझ्या पत्र्याच्या एका टोल्यासाठी तीन-तीन माइक लावणारा माणूस आता "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" करतोय, असं डोळ्यांसमोर आणलं आणि खूप हसले. मग वाईट वाटलं.

'खाली' सध्या बंद आहे. जरा काम निघालंय.

सुट्टी मिळाली तर येऊन जा. आईसाठी म्हणून ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

तुझी ताई

ता. क. खिळ्याच्या हाताला थोडं लागलंय. काळजी करण्यासारखं नाही.


सोमवार, १८ मार्च

बारक्या,

तुझं कार्ड आलं. "थोडं म्हणजे किती?" बस, एवढंच. ना मायना, ना सही. माझी थाप तुला लांबूनही कळते, लहानपणापासून कळते. ठीक आहे, सांगते. पण बसून वाच.

तीन तारखेला, रविवारी, दुपारचा शो होता. नेहमीसारखाच. वरची गोदामं बंद, गल्ली रिकामी, आणि आत काळ्या कपड्यांतली आपली सगळी भुतावळ. तू गेल्यापासून मिक्सरवर कोणी नाही. मीच रिदम मशीन चालवते, मीच पत्रा वाजवते, आणि मधेच धावत जाऊन खिळ्याचा आवाज वरखाली करते. काका जिन्याच्या पायरीवर कानात कापूस घालून बसले होते. त्यांचं ठरलेलं वाक्य त्यांनी त्या दिवशीही म्हटलं, "झाला का सुरू तुमचा भंगाराचा लिलाव?" जागा त्यांची, पण आपलं गाणं त्यांना कधी कळलं नाही, आणि कळतंय असं सोंगही त्यांनी कधी आणलं नाही.

शेवटी 'भोंगा' घेतला. तुला सांगायला नको, तरी सांगते, कारण मलाच ते एकदा ओळीने लावून बघायचंय. आधी मशीनचे घण. त्यावर खिळ्याची गिटार, दाताखाली खडा यावा तशी. मग सगळं एका झटक्यात तोडायचं. पूर्ण शांतता. निम्मे लोक त्या शांततेसाठीच येतात, श्वास धरून उभे असतात. मग खिळ्या पुढे येतो, माइकला ओठ टेकवतो, आणि किंकाळी.

त्याने ओठ टेकवले. किंकाळी आली, पण तुटत तुटत आली. तो थरथरायला लागला. डावी मूठ गिटारच्या तारांवर आवळलेली, तोंड माइकला चिकटलेलं, गुडघे वाकडे. लोक वेडे झाले, बारक्या! एवढा जबरदस्त शेवट त्याने कधी केला नव्हता. शिट्ट्या काय, आरोळ्या काय, बूट आपटणं काय. एक जण ओरडला, "अजून!"

आणि मी. मला वाटलं, हरामखोराने मला न सांगता नवीन काहीतरी बसवलंय. मी त्याच्या थरथरण्यावर ताल धरला. त्याच्या एकेका झटक्याला एकेक टोला देत गेले. वर मनात म्हणत होते, वा! काय जमून आलंय!

विजेचा झटका बसत होता रे त्याला. माणूस मरत होता, आणि आपलं गाणंच असं आहे की त्यात मरणारा माणूस वेगळा दिसत नाही.

ज्यांना आपलं गाणं कळतं त्यांच्यापैकी एकालाही कळलं नाही. काकांना कळलं. ते कानातल्या कापसासकट उठले आणि मेन स्विच खाली ओढला. अंधार झाला तर लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

मोबाइलच्या उजेडात एक मुलगी उडी मारून वर आली. गुडघ्यापर्यंत बूट, भुवईत बाळी. मी तिला ढकलून द्यायला निघाले होते, तर ती निघाली नर्स. तिने त्याची छाती दाबली, तोंडाने श्वास दिला, मला शिव्या देऊन बाजूला केलं. तो परत आला. ओठ भाजलेत, बोलताना लाळेचा ओघळ येतो. डाव्या हाताची दोन बोटं, मधलं आणि त्याच्या शेजारचं, अर्ध्यातून काढावी लागली. डाव्या हाताची. ज्या हाताने तो तारा दाबतो त्या हाताची.

मी दिवसा कपड्यांना इस्त्री करते आणि त्या टाळ्या ऐकते. कोणाला सांगू? तुलाच सांगतेय.

ताई


रविवार, २४ मार्च

बारक्या,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. काकांना अटक झाली.

वीज खात्याची माणसं घेऊन पोलीस निरीक्षक आला होता. 'खाली'ला सील लावलं, गिटारचा अँप उचलून नेला, आणि मला जबाबासाठी ठाण्यात बोलावलं. टेबलावर पारदर्शक पिशवीत अँपचा प्लग होता. निरीक्षक तसा सभ्य माणूस, शाळेतल्या मास्तरासारखा समजावून सांगत होता. "ही बघा, प्लगला तीन पिना असतात. ही तिसरी, लांब, ती अर्थिंगची. अँपच्या आत काही बिघडलं तर करंट या वाटेने जमिनीत जातो, फ्यूज उडतो, कोणाला काही होत नाही. इथे ती करवतीने कापलीय. म्हणजे करंटची वाटच बंद. मग एक दिवस आतली वायर सुटली, करंट गिटारच्या तारांत येऊन बसला, आणि तुमच्या गायकाने माइकला ओठ लावून त्याला वाट दिली."

अँप कोणाचा? 'खाली'चा, म्हणजे काकांचा. त्यात त्यांच्या खोलीतल्या टेबलफॅनच्या प्लगचीही तिसरी पिन कापलेली निघाली, जुन्या दोन भोकांच्या सॉकेटमध्ये बसावी म्हणून. झालं! काका एकच सांगतात, "पंख्याची मी कापली. ह्याची नाही." कोण ऐकतंय? एक कापणारा दुसरीही कापतोच, असं सगळ्यांचं म्हणणं.

खिळ्याची आई ठाण्याबाहेर उभी होती. काकांना आणलं तशी ती त्यांच्या अंगावर धावून गेली. "माझ्या पोराचा हात खाल्लास! तुझं वाटोळं होईल!" काका मान खाली घालून आत गेले. मी मधे पडून म्हणाले, मावशी, यांनीच स्विच ओढला, यांच्यामुळे तुमचा मुलगा जिवंत आहे. तर ती मला म्हणाली, "आधी आग लावायची आणि मग पाणी आणायचं, त्याचे उपकार मानू?"

तुला एक विचारायचं होतं. तू त्या अँपवर इतके महिने काम केलंस. त्या पिनबद्दल तुला काही आठवतं का? कोणी कापली असेल? नीट आठवून लिही. घाई नाही. म्हणजे घाई आहे. काका आत आहेत.

ताई


मंगळवार, २ एप्रिल

"ताई, त्या तळघरातलं वायरिंग सगळंच जुनं होतं. काकांनी कधी लक्ष दिलं नाही. कधीतरी असं होणारच होतं."

हे तू लिहिलंस. मी दुकानात उभ्या उभ्या वाचलं आणि प्रेसखाली कोणाचा तरी पांढराशुभ्र शर्ट करपवला. मालकीणबाई ओरडल्या, मीही त्यांच्यावर ओरडले, आता बघू नोकरी राहते का.

आता ऐक. मागच्या पत्रात मी तुला विचारलं, ते मला माहीत नव्हतं म्हणून नाही. तुझ्या तोंडून यावं म्हणून विचारलं होतं. कापलेल्या पिनच्या खुंटाला काळपट जांभळा रंग लावलाय. निरीक्षकाला वाटतं तो कसला तरी इन्सुलेशनचा रंग आहे. मी पिशवीकडे बघितलं आणि ओळखलं. माझी नेलपॉलिश आहे ती. "ताई, जरा बाटली दे ना, स्क्रूंना खुणा करायच्यात," म्हणून घेऊन गेला होतास. तुझं काम नेहमीच नीटनेटकं. पाप केलंस तेही फिनिशिंग करून.

कशासाठी केलंस तेही मला ठाऊक आहे. 'भोंगा'च्या मधल्या शांततेत तो अँप घूं करायचा. बाटलीत माशी अडकावी तसा. शो झाला की खिळ्या तुझ्यावर चिडायचा, मी चिडायची, "ती घूं घालव रे, काय वाट्टेल ते कर!" आणि एका दुपारी ती गेली. तू म्हणालास, "ऐका," आणि आम्ही ऐकलं, आणि काहीच ऐकू आलं नाही. खिळ्याने तुला खांद्यावर घेऊन नाचवलं. "कसं केलंस रे?" तर तू मिशीत हसलास, "धंद्यातली गोष्ट आहे." आम्ही पुन्हा विचारलं नाही. त्या शांततेवर आपलं नाव झालं. लांबून लांबून लोक यायला लागले.

म्हणजे मी काही अगदी धुतल्या तांदळाची आहे असं नाही. आणि तू कोणाला मारायला ते केलं नाहीस, हेही मला कळतं. असल्या युक्त्या सगळेच साउंडवाले करतात, तूच सांगायचास. तू नुसतं "ताई, माझ्या हातून झालं" एवढं लिहिलं असतंस ना, तर मी सगळं सोडून तिकडे आले असते, तुला जवळ घेऊन बसले असते. पण "काकांनी लक्ष दिलं नाही"? चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. चोरच वर म्हणतोय की संन्याशाची मान तशीही वाकडी होती, हे पहिल्यांदा बघतेय.

तू ये. निरीक्षकासमोर उभा राहा आणि सांग. शिक्षा होईल ती होऊ दे, मी रोज भेटायला येईन, कोणाला तोंड दाखवायची लाज वाटणार नाही मला. काकांची रक्तदाबाची गोळी मी ठाण्यात देऊन येते. परवा गजांमागून विचारत होते, "बारक्या कसा आहे गं तिकडे? हुशार पोरगा. त्याला म्हणावं, तू असतास तर असं झालं नसतं."

यावर मी काय बोलू, ते तूच सांग.

ताई


बुधवार, १० एप्रिल

बारक्या,

उत्तर नाही. मूग गिळून बसलास. हरकत नाही, आता मी तुला विचारत नाहीये, सांगतेय.

आईला सगळं सांगितलं. तिने आधी मलाच झोडलं. "तू बहीण आहेस की फौजदार?" मी म्हटलं, आई, एक म्हातारा माणूस न केलेल्यासाठी आत बसलाय. ती म्हणाली, "त्याचं बघायला त्याची माणसं आहेत. माझं पोरगं एकटं आहे." मी म्हटलं, वा गं, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! तर ती ताडकन उठली, गुडघे विसरून, आणि म्हणाली, "हो! बाब्याच! आईला बाब्याच असतो! तुला होईल तेव्हा कळेल." मग खिडकीकडे तोंड करून बसली. तिकडेच बघत विचारलं, "त्या खिळ्यासाठी करतेयस का हे?" मी चपला घातल्या. उत्तर तिचं तिला कळलं असेल, तुला कळलं असेल, मला त्यावर बोलायचं नाही.

नंतर खिळ्याकडे गेले. त्याला घरी आणलंय. पलंगावर उशीला टेकून बसला होता, हात पांढऱ्या बासनात गुंडाळल्यासारखा. गिटार भिंतीकडे तोंड करून ठेवलीय, ते त्याच्या आईने केलंय. ती आत गेली तेव्हा मी त्याला सांगितलं. पिन, करवत, नेलपॉलिश, सगळं. मला वाटलं तो ओरडेल, काहीतरी फेकेल. त्याने त्या भाजलेल्या ओठांनी हळूहळू विचारलं, "बारक्याला कळलंय, मला काय झालंय ते?"

"हो."

"काय म्हणाला?"

मला खोटं बोलता आलं असतं. आलं नाही. मी म्हणाले, "वायरिंग जुनं होतं म्हणाला."

खिळ्या हसला. हसताना ओठाची खपली निघाली, रक्त आलं. ते त्याने धड हाताच्या मनगटाने पुसलं आणि तोंड फिरवलं. एवढी वर्षं ओळखते मी त्याला, त्याला रडताना पाहिलं नव्हतं. निघताना फक्त म्हणाला, "रंग कुठला म्हणालीस? जांभळा?"

म्हणून आता ठरवलंय. सोमवारी सकाळी दुकानात जायच्या आधी मी ठाण्यात जाणार आणि तुझं नाव देणार. नाव, पत्ता, सभागृह, सगळं. त्याआधी तू आलास तर तुझ्या पायांनी आलास असं होईल. नाही आलास तर माझ्या जिभेने आणलेला असशील. मला ते करायचं नाही, बारक्या. तुला कडेवर घेऊन फिरलेय मी. तू दार उघडून आत येशील म्हणून मी दुकानातही सारखी दाराकडे बघते, आणि गिऱ्हाईक आलं की मला राग येतो. ये रे. मला हे करायला लावू नकोस.

ताई


मंगळवार, १६ एप्रिल

बारक्या,

तू आला नाहीस. मी काल गेले.

आई दारात आडवी आली नाही. माझ्याकडे पाठ करून भांडी घासत राहिली, घासलेलीच पुन्हा. रस्ताभर मी वाक्य पाठ करत होते. "माझ्या भावाने कापली." ठाण्यात बाकावर बसले, नंबर आला, निरीक्षकासमोर उभी राहिले. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "अरे, तुम्ही? तुमचं आता काय? ते मिटलं की. तुमच्या गिटारवाल्याने शनिवारी जबाब दिला. पिन त्यानेच कापली होती."

मला आधी समजलंच नाही. ते सांगत होते, "आईच्या खांद्याला धरून आला होता. आवाजातली घूं जावी म्हणून कापली म्हणाला. रंगसुद्धा बरोबर सांगितला, मैत्रिणीची नेलपॉलिश होती म्हणाला. तुमच्या काकांना सोडलं कालच, पंख्यासाठी ताकीद देऊन. आणि याला मी काय शिक्षा करणार? बोटं तर गेलीच आहेत. फाइलवर नाव मात्र त्याचं राहील. तुम्हाला काही सांगायचं होतं का?"

तुझं नाव माझ्या तोंडात होतं. ओठांपर्यंत आलेलं. मी म्हणाले, "नाही, काही नाही. काकांची गोळी द्यायला आले होते."

बाहेर आले आणि मला बरं वाटलं. अगदी हलकं वाटलं, पिसासारखं. आणि मग एवढी शरम वाटली की मी तिथेच ठाण्याच्या पायरीवर बसले. मी तुला सोडवलं नाही, काकांना सोडवलं नाही. मी फक्त गप्प बसले, आपल्या घरात सगळ्यांना जमतं ते मलाही जमलं.

तिथून तडक खिळ्याकडे गेले. भांडायलाच गेले होते. काय समजतोस तू स्वतःला, कोणी सांगितलं होतं शहाणपण, मी जाणारच होते ना! तो म्हणाला, "म्हणूनच आधी गेलो. तू गेली असतीस तर जन्मभर स्वतःला खात बसली असतीस. आणि म्हाताऱ्याला आणखी किती दिवस ठेवायचं होतं आत?" मी म्हटलं, म्हणजे बारक्याला माफ केलंस? त्यावर तो असा उसळला की मी दोन पावलं मागे सरकले. "माफ? कोण म्हणालं माफ केलं? तो समोर आला तर या धड हाताने थोबाड फोडेन त्याचं! पण तो समोर यायला हवा ना. पोलिसांनी आणला तर तो त्यांचा चोर होईल. मला माझा पाहिजे."

मग त्याची आई पट्टी बदलायला आली. कोमट पाणी, कापूस, नवीन पट्टी. आता ती काकांना शिव्या देत नाही. काका सुटल्यावर त्यांच्या दारात येऊन गेले, तर तिने त्यांचे पाय धरले म्हणे, आणि काका एवढे गोंधळले की पाणीही न पिता परत गेले. ते काही बोलले नाहीत. पण पिन खिळ्याने कापलेली नाही हे त्यांना पक्कं कळलंय. खिळ्याला साधा बल्ब बदलता येत नाही, हे 'खाली' येणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

त्याच्या आईला ते माहीत नाही. ती पट्टी सोडत होती. जुनी पट्टी शेवटी चिकटली होती, ती पाण्याने भिजवून अलगद सोडवली. खाली दोन खुंट आणि बाकीची बोटं. ती त्या हाताकडे बघत त्याला म्हणाली, "का रे केलंस असं? आपल्याच हाताने?" रागाने नाही. खरंच विचारत होती.

खिळ्या म्हणाला, "घाई होती गं आई, सुचलं नाही."

"काल म्हणालास, कळलं नाही."

"तेही."

"कळलं नाही की घाई होती?"

ती पाणी टाकायला आत गेली तेव्हा तो माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "रोज विचारते. रोज काहीतरी सांगतो, तिला पटत नाही. तिला नाही पटत, कारण मलाच माहीत नाही. सांग ना, त्याने का केलं असेल? करंट म्हणजे काय हे माहीत असलेला माणूस होता तो."

मला उत्तर देता आलं नाही. मी तुझी बहीण, आणि मला उत्तर देता आलं नाही.

तर आता असं आहे. पोलिसांना तू नकोयस. काकांना नकोयस. मी पुन्हा ठाण्याची पायरी चढणार नाही, तेवढं धाडस एकदाच गोळा झालं होतं. तुला कोणी ओढून आणणार नाही, कोणी नाव घेणार नाही, तू तिकडे जन्मभर "हॅलो, हॅलो" करत बसलास तरी चालेल. आई खूश आहे, काल तिने गोड केलं. मी खाल्लं नाही.

फक्त ती बाई रोज सकाळी पोराच्या हाताची पट्टी सोडते आणि त्याला विचारते, का रे केलंस. उद्याही विचारेल.

ताई